जांबातिस्ता देल्ला पोर्ता

जांबातिस्ता देल्ला पोर्ता (इ.स. १५३५ – ४ फेब्रुवारी, इ.स. १६१५) हे इटलीतील नेपल्सचे विद्वान, प्रकाशविज्ञानाचे अभ्यासक व नाटककार होते. अंतर्वक्र आरशापुढे हवेत अधांतरी दिसणाऱ्या प्रतिमांचे त्यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे.

जीवन

त्यांचा जन्म नेपल्सजवळील व्हिको एक्वेन्से येथे एका सधन कुटुंबात झाला. त्यांचा 'माजिया नातुरालिस' हा लॅटिन ग्रंथ इ.स. १५५८ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. इ.स. १५८९ च्या विस्तारित आवृत्तीत वीस खंड होते. त्यांनी नेपल्समध्ये एक विद्वत्सभा स्थापन केली होती. निसर्गाचे एखादे नवे रहस्य शोधणाऱ्यालाच तिचे सदस्यत्व मिळे.

आरसे व प्रतिमा

विस्तारित आवृत्तीचा सतरावा खंड आरसे व भिंगे यांविषयी आहे. अंतर्वक्र आरशाच्या वक्रता केंद्राजवळ वस्तू ठेवली असता परावर्तित किरण आरशासमोर प्रत्यक्ष एकत्र येतात व तेथून पुन्हा पसरतात. त्या किरणांच्या मार्गात असलेल्या डोळ्याला तेथे वस्तूच असल्याचा भास होतो. ही वास्तव प्रतिमा उलटी असते व हात पुढे केल्यास हाती काहीच लागत नाही. अज्ञ प्रेक्षकांना हा भुताटकीचा प्रकार वाटे. देल्ला पोर्तांच्या मते मात्र अशा चमत्कारांमागे निसर्गनियमच होते.

धर्मसत्तेशी संघर्ष

जादूटोण्याच्या संशयावरून धर्मन्यायालयाने त्यांची चौकशी केली व त्यांची विद्वत्सभा बंद पडली. इ.स. १५९२ मध्ये रोमच्या परवानगीविना ग्रंथ छापण्यास त्यांना मनाई करण्यात आली. ही बंदी इ.स. १५९८ मध्ये उठली. ग्रंथाच्या शीर्षकात 'जादू' हा शब्द असला, तरी त्यांच्या लेखी तिचा अर्थ निसर्गातील गुप्त कारणांचे ज्ञान असा होता.

मूल्यमापन

डोळ्यातील स्फटिकभिंगावरच प्रतिमा उमटते, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. योहानेस केप्लर यांनी इ.स. १६०४ च्या ग्रंथात ती दृष्टिपटलावर उमटते असे दाखवले; त्या ग्रंथात देल्ला पोर्तांच्या लेखनाचाही विचार केलेला आहे. इ.स. १६१० मध्ये देल्ला पोर्ता रोमच्या लिंचेई अकादमीचे सदस्य झाले; पुढच्याच वर्षी गॅलिलिओ गॅलिली यांनाही तेथे प्रवेश मिळाला. देल्ला पोर्तांचे निधन नेपल्स येथे झाले.