हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतात तो जिवाणू पहिल्यांदा वेगळा कोणी केला?

हरभरा पेरण्याआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम चोळतात आणि सावलीत सुकवतात. या पाकिटाची गोष्ट नेदरलँड्सपर्यंत जाते.

मार्टिनस बायरिंक १८५१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जन्मले. १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात संशोधक म्हणून लागले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या हेल्रीगेल यांनी सांगितलं, की द्विदल पिकं मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र वापरतात. पण गाठीतला जिवाणू वेगळा काढून कोणी दाखवला नव्हता.

बायरिंक यांनी द्विदल झाडाच्या पानांचा अर्क, जिलेटिन आणि थोडी साखर यांचं खाद्य बनवलं. १८८८ मध्ये त्यावर तो जिवाणू एकटा वाढवून दाखवला. जिवाणू असा वाढवता आला, म्हणूनच तो बियाण्यासाठी विकताही आला. १८९६ मध्ये जर्मनीत नोब्बे आणि हिल्टनर यांनी 'नायट्रॅजिन' नावाने तेच केलं.

१९०१ मध्ये बायरिंक यांनी अझोटोबॅक्टरचाही शोध जाहीर केला. आज तो ज्वारी-गव्हाच्या बियाण्याला लावतात. १९३१ मध्ये ते गेले. त्यांना नोबेल मिळालं नाही. त्यांनी जिवाणूला दिलेलं 'बॅसिलस रॅडिसिकोला' हे नावही मागे पडलं. पाकिटावरचं 'रायझोबियम' हे नाव १८८९ मध्ये फ्रँक यांनी दिलेलं आहे. पाकिटातला जिवाणू मात्र सगळ्यात आधी बायरिंक यांच्याच हाती लागला होता.