अटीवर मिळालेला प्रवेश

मी ढोकीची, म्हणजे तेरणा साखर कारखान्याच्या गावची. उसातून साखर कशी काढतात ते आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. पण लिव्हरच्या तुकड्यातून एखादं एन्झाइम शोधायचं असेल तर? तिथे पोती भरत नाहीत, डोळ्यांना काही दिसतही नाही. असलं काम करणाऱ्या कमला सोहोनींबद्दल मला इंजिनिअरिंगला येईपर्यंत काहीच माहीत नव्हतं.

त्यांचा जन्म १९११ साली इंदूरला, भागवतांच्या घरात झाला. वडील आणि काका दोघेही केमिस्ट, तर लेखिका दुर्गा भागवत ही थोरली बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पहिल्या नंबराने पास होऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. डायरेक्टर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई तिथे जाऊन हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटीवर! वर्षभर प्रोबेशन, काम पटलं तरच पुढे. त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रोटीन्सवर काम केलं, ते रामन यांना पटलं आणि पुढच्या मुलींसाठीही दार उघडलं.

१९३७ ला त्या केंब्रिजला गेल्या. तिथे डेरेक रिक्टर यांच्यासोबत त्यांनी प्राण्यांच्या ऊतींमधल्या एन्झाइम्सवर काम केलं. अशा कामात ऊती ताज्या असतानाच वाटून थंड ठेवतात, कारण जास्त उष्णता लागली की एन्झाइम गेलंच. मग अर्कात ठरावीक पदार्थ घालून किती ऑक्सिजन वापरला जातो ते मोजायचं. थोडक्यात, एन्झाइमची ओळख त्याच्या कामावरून पटते. अमाइन ऑक्सिडेजवरचा त्यांचा पेपर १९३९ चा आहे. याच एन्झाइमला रोखणारी काही औषधं पुढे डिप्रेशनवर वापरात आली. त्यानंतर बटाट्यावर काम करताना, प्राण्यांच्या पेशींना श्वसनासाठी लागणारं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं हे त्यांनी दाखवलं. त्यावरचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ लाच पीएचडी मिळाली.

भारतात परतून त्यांनी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं, नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं आणि पुढे त्या तिथल्या डायरेक्टर झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आम्हा मुलींना कोणी अट घालत नाही. तरीही प्रॅक्टिकलला उपकरणं मुलांच्या हातात आणि रीडिंगची वही मुलींकडे, हे आपोआप होतं. मीसुद्धा पहिलं वर्षभर निमूटपणे वहीच धरली. कमलाबाईंबद्दल वाचल्यावर स्वतःचीच लाज वाटली. या सेमिस्टरला मी वही पार्टनरला दिली आणि उपकरण मागून घेतलं.