गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग

भोर-वेल्ह्याकडील आमच्या विद्यार्थ्यांस पंतसचिव हें नांव परिचयाचें आहे. राजपत्रांतील अधिक-उणें अक्षर तपासून मजकूर शुद्ध करावा व मग त्यावर आपली निशाणी करावी, हें शिवकालीं सचिवाचें काम असे. यंत्रास दिलेल्या आज्ञाही अशाच कसोशीनें तपासाव्या लागतात. तो मार्ग दाखविणाऱ्या एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

ॲलन ट्यूरिंग ह्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजीं लंडन येथें झाला. वडील मद्रास इलाख्यांत सनदी नोकर असल्यामुळें त्यांचें बालपण बरेंचसें मातापित्यांवांचून गेलें. केंब्रिज येथें गणिताचें अध्ययन करून, १९३६ सालीं त्यांनीं लिहिलेल्या आज्ञा पाळणाऱ्या सर्वसमावेशक यंत्राची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांचे गुप्तलेख उलगडण्यांत त्यांचा मोठा वांटा होता.

जून १९४९ मध्यें केंब्रिज येथील परिषदेंत त्यांनीं प्रश्न केला कीं, यंत्राचें लांबलचक आज्ञापत्र निर्दोष आहे हें ओळखावें कसें? लांब बेरजेंत हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणें तपासतां येतो. तद्वत् आज्ञापत्राच्या टप्प्याटप्प्यावर तेथें काय खरें असलें पाहिजे तें लिहावें. एकेक टप्पा सिद्ध झाला म्हणजे सर्व सिद्ध होतें. यंत्र अखेर थांबेल, हेंही सिद्ध करावें, असें त्यांनीं दाखविलें.

१९५२ सालीं समलिंगी संबंधांबद्दल तत्कालीन कायद्यानें त्यांस दोषी ठरविलें. ७ जून १९५४ रोजीं, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. मरणोत्तर राजक्षमा मिळाली ती २०१३ सालीं!

पुढें माणसास सुलभ अशा भाषेंत आज्ञा लिहून, त्या कंपायलर नामक भाषांतरकाराकडून यंत्रभाषेंत उतरविण्याची रीत रूढ झाली. परंतु भाषांतरकारच चुकला तर? १९६७ सालीं मॅकार्थी व पेंटर ह्यांनीं अंकगणितापुरत्या एका लहान कंपायलरची अचूकता सिद्ध केली. कालांतरानें फ्रान्समध्यें झेव्हिए लरॉय ह्यांनीं सी भाषेच्या मोठ्या कंपायलरची केली. तथापि उत्तर तेंच येणें पुरेसें नाहीं. काम संपल्यावर परवलीचा शब्द पुसून टाकण्याची आज्ञा निरुपयोगी समजून कंपायलर कधीं गाळतो. उत्तरांत फरक पडत नाहीं, पण गुपित यंत्रांत तसेंच राहतें. म्हणून अर्थाबरोबर सुरक्षितताही अभंग राहते, हें सिद्ध करण्याचा उद्योग विद्वान् करीत आहेत.

विद्यार्थ्यांनो, गणितांत पायऱ्या लिहावयाचा कंटाळा करूं नका. उत्तर बरोबर येणें चांगलें. पण तें बरोबर कां, हें दुसऱ्यास तपासतां येणें अधिक चांगलें.