पावसात टीव्ही का अडकतो? गावागावात आभाळातून टीव्ही पोचवण्याचा ध्यास घेतलेले डॉ. विक्रम साराभाई

घुग्घुस : वर्धा नदीकडून काळे ढग चढले, की घुग्घुसमध्ये घराघरात छत्रीवरचा टीव्ही अडकतो. आधी चित्राचे चौकोन होतात, मग पडदा काळा. पाऊस ओसरला की चित्र आपोआप परत येतं. उपग्रहाचा सिग्नल असा कमी-जास्त होतोच. तरीही तो थेट खेड्यात पोचवायचा, हा ध्यास ज्यांनी घेतला, ते डॉ. विक्रम साराभाई.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरी पैशाची ददात नव्हती, पण मन रमलं विज्ञानात. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी अंतराळातून येणाऱ्या किरणांचा अभ्यास केला. हे किरण कधी वाढतात, कधी घटतात. रोज मोजायचं आणि फरक कशामुळे पडला ते शोधायचं, ही सवय तिथे लागली. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली.

२१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. ती जागा निवडण्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्यांच्यासोबत होते. गरीब देशाला हे खेळ कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. साराभाईंचा हिशेब वेगळा होता. टीव्हीचे टॉवर आधी शहरात उभे राहतील आणि जंगलातल्या गावाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागेल. उपग्रह मात्र शहर आणि खेडं दोन्हीकडे एकाच दिवशी पोचतो.

अडचण अंतराची होती. असा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. जमिनीवर येईपर्यंत सिग्नल फारच क्षीण होतो. छत्री मोठी असली की तो जास्त गोळा होतो. छत्रीची दिशा थोडी हलली तरी घटतो. लहरीच्या लांबीवरही बरंच अवलंबून असतं. आजच्या घरच्या छत्रीला येणारी लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, म्हणून जोरदार पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. लांब लहरीला पावसाचा त्रास जवळजवळ होत नाही.

हे काम हातानं करून शिकावं म्हणून १९६७ मध्ये अहमदाबादेत प्रायोगिक भूकेंद्र सुरू झालं. १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या नासाशी करार झाला. त्यांचा उपग्रह एक वर्ष भारतातल्या खेड्यांसाठी मिळणार होता.

पण ते वर्ष साराभाईंना पाहता आलं नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवलमला त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२.

सहकारी थांबले नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही दिसला. आपल्या शेजारच्या रायपूर भागातली गावंही त्यात होती. छत्री होती तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असल्यानं जाळी पुरेशी होती आणि पावसाचीही भीती नव्हती. शेती, आरोग्य, शाळेचे धडे गावकऱ्यांनी एकत्र बसून पाहिले.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचं उपग्रह भूकेंद्र १९७२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. त्याला नाव दिलं विक्रम. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चं जे यान चंद्रावर उतरलं, त्याचंही नाव विक्रमच. ते उतरताना गावोगावच्या लोकांनी घरच्या टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहिलं.