घड्याळ समोर ठेवून

दर सेमिस्टरच्या सुरुवातीला मी टाइमटेबल करते. तीन रंगांची पेनं, सरळ रेघा, प्रत्येक विषयाला वेगळा चौकोन. पहिला आठवडा संपतो आणि मग ते कपाटाच्या दारावर नुसतं चिकटून राहतं. यंदाही तेच झालं. इंग्रजी कादंबरीवरचा निबंध द्यायच्या आदल्या रात्री लिहायला बसले, आणि ज्या लेखकावर लिहायचं होतं तो निघाला नेमका मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा. अँथनी ट्रोलोप. निबंध कसाबसा झाला, पण माणूस डोक्यातून जाईना.

ट्रोलोपचा जन्म 1815 साली लंडनमध्ये झाला. वडील वकील होते, पण वकिली चालली नाही. मग शेती केली, तीही बुडाली. पोरगा हॅरोच्या नामांकित शाळेत, पण फाटके कपडे, चिखलाचे बूट, आणि बरोबरची मुलं श्रीमंत घरची. 1834 मध्ये कर्जापायी सगळ्या कुटुंबाला बेल्जियममधल्या ब्रूज गावी पळून जावं लागलं. तिथे घरात क्षयाचं दुखणं. पुढच्या दोन वर्षांत थोरला भाऊ, वडील आणि धाकटी बहीण गेले.

हे घर तगलं ते आईमुळे. फ्रान्सिस ट्रोलोप यांचं पहिलं पुस्तक आलं 1832 मध्ये, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या पहाटे चारला उठत आणि घर जागं व्हायच्या आत दिवसाचं लेखन संपवत. ब्रूजमध्ये तर औषधाची बाटली आणि शाईची दौत शेजारी शेजारी असायची. रात्री आजाऱ्याची सेवा आणि त्यातूनच कादंबरी. मुलाने हे सगळं पाहिलं होतं.

पाहिलं, पण लगेच उचललं मात्र नाही. मला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटला. एकोणिसाव्या वर्षी तो लंडनच्या पोस्ट ऑफिसात कारकून म्हणून चिकटला. पगार वर्षाला 90 पौंड. कामावर उशिरा जायचा, वरिष्ठांची बोलणी खायचा, संध्याकाळी काय करायचं ते कळायचं नाही. शिंप्याचं 12 पौंडांचं देणं सावकाराच्या हाती गेलं आणि व्याज वाढत वाढत शेवटी त्यापायी दोनशेहून जास्त पौंड भरावे लागले. अशी सात वर्षं गेली. कादंबरी लिहायची, हे मनात होतंच. कागदावर काहीच नव्हतं.

1841 मध्ये आयर्लंडमधल्या बॅनहर या गावी एक जागा निघाली. कुणाला नको असलेली ती नोकरी त्याने मागून घेतली. घोड्यावरून गावोगाव फिरायचं, टपालाच्या तक्रारी सोडवायच्या. आळशी म्हणून बदनाम झालेला माणूस तिथे कामाला लागला. 1844 मध्ये लग्न झालं आणि 1847 मध्ये एका आयरिश कॅथलिक कुटुंबावरची त्याची पहिली कादंबरी छापून आली. ती फारशी कुणी वाचली नाही. पुढच्याही चालल्या नाहीत. तो लिहीत राहिला.

नोकरीत प्रवास फार. सुरुवातीला तो आगगाडीत वाचत बसायचा. मग वाटलं, हा वेळ फुकट जातोय. मांडीवर ठेवता येईल अशी लिहायची पाटी करून घेतली आणि पेन्सिलीने लिहायला लागला. ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा बराचसा भाग असा धावत्या गाडीत लिहिलेला आहे, पत्नी रोझ ते घरी शाईने उतरवून काढायची. 1858 मध्ये टपालाच्याच कामासाठी इजिप्तला जाताना समुद्र खवळलेला. हा मधेच उठून ओकायला जायचा आणि परत येऊन ‘डॉक्टर थॉर्न’ची पानं पुरी करायचा.

1859 पासून तो लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला राहू लागला, आणि सवय पक्की झाली. पहाटे साडेपाचला मेजावर बसायचं. स्वतःच्या इच्छाशक्तीवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून जुन्या नोकराला वर्षाला 5 पौंड जास्त द्यायचा. काम एकच, पहाटे कॉफी घेऊन उठवायचं. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. तीन तासांत अडीच हजार शब्द व्हायचे आणि तो कामाचे कपडे चढवायचा. प्रत्येक कादंबरीसाठी आठवड्यांचे रकाने पाडलेली वही असे. त्यात रोजची पानं मांडायची. ज्या दिवशी लिहिलं नाही, तो रकाना रिकामा डोळ्यांसमोर.

1867 मध्ये त्याने पोस्टाचा राजीनामा दिला, तोवर बार्सेटशरच्या गाजलेल्या सहाही कादंबऱ्या झाल्या होत्या. चॅनल बेटांवर रस्त्याकडेच्या पत्रपेट्या सुरू झाल्या, त्याही त्याच्याच सूचनेवरून. एकूण कादंबऱ्या 47. शिवाय हिवाळ्यात शिकार आणि क्लबात पत्ते होतेच.

1882 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र निघालं आणि त्यातली ही वही, हे घड्याळ, प्रत्येक पुस्तकाची कमाई सगळं लोकांना कळलं. अनेकांना ते रुचलं नाही. मोची जसा एक जोडा संपवून दुसरा हातात घेतो तसंच लेखकानेही करावं, असं मानणारा माणूस कलावंत कसला? त्याचं नाव बरीच वर्षं मागे पडलं. आज तो पुन्हा वाचला जातो, अभ्यासक्रमातही आहे.

खरं सांगायचं तर मलाही आधी थोडं खटकलंच. आपल्या मंडळात आपण ‘सुचलं की लिहू’ असंच म्हणतो ना! पण मग आठवलं, माझ्या वहीत सुचलेल्या गोष्टी अकरा आहेत आणि पुरी झालेली एकही नाही. त्याच्या साडेपाचची नक्कल मला जमणार नाही. मी तीनच गोष्टी घेतल्या. टाइमटेबल काढून टाकलं. त्याजागी एक साधी वही, रोज काय झालं तेवढंच लिहायची. बसल्यावर आधी कालचं पान वाचायचं. आणि उठवायचं काम आईवर सोपवलं. ती सकाळच्या मिस्साला निघताना दार वाजवते. पाच पौंडांऐवजी रात्रीची भांडी माझ्याकडे आली आहेत.

तीन आठवडे झाले. वहीत सहा रकाने रिकामे आहेत. हा लेख मात्र मुदतीच्या दोन दिवस आधी दिला आहे.