गोदाम कामगार आंद्रेस बोनिफासियो

फिलिपाइन्सवर स्पेनचे राज्य होते. मनिलाच्या तोंदो वस्तीत १८६३ साली आंद्रेस बोनिफासियो जन्मले. आईबाप लवकर वारले. काठ्या व कागदी पंखे विकून भावंडे जगवली. पुढे गोदामात नोकरी. शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास, रिझाल यांच्या कादंबऱ्या वाचल्या. १८९२ मध्ये कातिपुनान ही गुप्त संघटना काढली, १८९६ ला बंड पुकारले.

आम्हा गिरणी कामगारांना पुढचीच गोष्ट जास्त बोचते. मार्च १८९७ मध्ये तेहेरोसच्या सभेत आगिनाल्दो अध्यक्ष झाले. बोनिफासियोंना अंतर्गत खाते मिळाले, तर वकिलाची सनद नाही म्हणून एकाने हरकत घेतली. लढा उभा केला कोणी, आणि सनद विचारतात कोणाला! अपमानित बोनिफासियोंनी निवडणूकच अमान्य केली. आपल्याच क्रांतिकारकांनी खटला भरून १० मे १८९७ रोजी त्यांना भाऊ प्रोकोपियोसह डोंगरात नेऊन मारले. वय अवघे ३३.