गणपतराव बोडस : विनोदी नटाची ‘भूमिका’

काशीतील ब्रह्माघाटाचा परिसर म्हणजे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. तेथील मुक्कामात गणपतराव बोडस (१८८०–१९६५) यांचे ‘माझी भूमिका’ (१९४०) हे आत्मचरित्र पुन्हा वाचले.

विनोदी नटाच्या आठवणींत वाचक प्रथम हशा शोधतो. बोडसांचे जीवन मात्र त्यापलीकडे नेते. किर्लोस्कर नाटक मंडळीत १९११ साली त्यांनी ‘मानापमाना’तील भेकड लक्ष्मीधर रंगविला. १९१३ साली बालगंधर्व व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. तेथेच १९१६ साली ‘संशयकल्लोळा’तील फाल्गुनराव त्यांनी अजरामर केला. फाल्गुनराव स्वतः हसत नाही. त्याचा संशय त्याच्यापुरता खराच असतो, म्हणून प्रेक्षक हसतात. १९१९ साली ‘एकच प्याला’मध्ये हाच नट सुधाकर झाला. आत्मवंचना तीच, परंतु फाल्गुनरावाचा संसार सावरतो, सुधाकराचा सिंधूसह संपतो.

म्हणूनच अशा आत्मचरित्रांना केवळ करमणुकीचे वाङ्मय मानणे अन्यायाचे होय. हास्य आणि शोक यांमधील अंतर किती थोडे आहे, हे ज्याने रंगभूमीवर स्वतः अनुभवले, त्याची ती साक्ष असते.